गज्याला मी पढवलेली माफी

हे बायकोला ठाऊक नाही, पोरांनाही नाही. लिहितानासुद्धा दार लोटून घेतलंय. अजूनही मागून कुणाची चाहूल लागली की माझा उजवा हात आपोआप पाठीमागे जातो. का — तेच सांगायचंय. पण एकदम जमत नाही.

देवळीजवळचं आमचं गाव. गावातला पहिला बी.ए. मी. त्याचा गर्व होता, अजून आहे — खोटं कशाला बोलू? नव्वद साल उलटलं होतं. गावानं तेव्हा एक चांगली रीत पाडली होती. पोरासोरांनी कुणाचं नुकसान केलं तर ठाणं नाही, कोर्ट नाही. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकायची. पोरगा आणि नुकसान झालेला माणूस समोरासमोर. पाण्याचा गडवा हातोहात फिरायचा. ज्याच्या हाती गडवा, त्यानंच बोलायचं. पोरानं कबूल करायचं, राबून भरपाई करायची, मग तो विषय पुन्हा काढायचा नाही. बैठक चालवायला शिकलेला माणूस पाहिजे, म्हणून मी.

त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या काकांची, मोठेबाबांची, अंगणातली कापसाची गंजी जळाली. संशय गज्यावर, गल्लीतल्याच चौदा-पंधरा वर्षांच्या पोरावर. गंजीवर उड्या मारतो म्हणून आदल्याच दिवशी मोठेबाबांनी त्याला कानफटवलं होतं, अन् "पाहून घेईन, बुड्या!" असं तो रस्ताभर ओरडत गेला होता. गावाला आणखी काय लागतं?

"मी नाई लावली. मायची आन," तो म्हणत राहिला. मोठेबाबा ठाण्यात जायला निघाले. गज्याची माय माझ्या दारात आली. "भाऊ, तुमी शिकलेले. तुमीच समजवा त्याले."

समजावलं. पाराच्या मागे नेलं त्याला. "हो म्हणून टाक. ठाण्यात नेलं तं हाडं मोडतीन. इथं हंगामभर काम, संपलं." माफीचे शब्दही मीच पढवले. खरं बोललं की मन हलकं होतं — हेही मीच सांगितलं. मी!

त्यानं वर बघितलं. "दादा, तुमाले वाटते का, मी लावली म्हणून?"

"मले काय वाटते, त्यानं काय होते?" — हे माझं उत्तर.

बैठक बसली, गडवा माझ्याकडे आला. सगळे माझ्याकडे बघत होते. ओळखलं का कुणी? गडवा डाव्या हाती धरला, उजवा हात पाठीमागे नेला —

कारण गंजी जळाली त्या दुपारी तिला टेकून सिगारेट ओढत होतो तो मी. वडीलधाऱ्यांसमोर ओढत नाहीत आमच्यात. मोठेबाबा दारात आले, हसून म्हणाले, "काऊन बा बी.ए., कापूस राखून राह्यला का?" अन् मी हात मागे नेला, सिगारेट सोडून दिली. पेटती. मग त्यांच्यासोबत आत चहाला गेलो. कापूस आत-आत धुमसतो, मग पेट घेतो. कापसातच वाढलेल्या मला हे कळत नव्हतं? चहा पितानाच आठवलं होतं. उठलो नाही. उठलो असतो तर मोठेबाबांना कळलं असतं, त्यांचा बी.ए. पुतण्या सिगारेट ओढतो. एवढ्यासाठी.

"मले काई सांगायचं नाई," म्हणालो आणि गडवा पुढे दिला. गज्यानं माझे शब्द न चुकता म्हटले. मोठेबाबांचे डोळे भरले, त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांनी पाठ थोपटली ती माझी.

हंगामभर राबला तो. पण विषय गावानं सोडला नाही. तो दिसला की कुणीतरी म्हणायचंच, "गज्या, काडी देतं का रे?" शेवटी त्यानं गाव सोडलं.

आता देवळीच्या स्टँडवर त्याची चहाची टपरी आहे. त्याला माहीत आहे का? त्या दुपारी तो कुठं होता — कधी विचारायची छाती झाली नाही. मी बसमधून उतरलो की तो ओठातली बीडी काढतो. माझ्यासारखा हात मागे नेत नाही. बीडी खाली टाकतो, पायानं चिरडतो, वाकून बघतो — पुरती विझली ना.

मग म्हणतो, "बसा, दादा."

मी बसतो.