मांडीचा घेर

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा डावी मांडी बघून मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. याच मांडीवर थाप मारून मी कबड्डीत चढाईला जायचो. कारखान्यांच्या स्पर्धेत गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि आता थाप मारायला तिथं काही उरलंच नव्हतं.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशिनवर होतो. उजवा पाय पॅडलवर आणि आठ तास अंगाचा सगळा भार डाव्यावर, असं ते काम. कंपनीने चार महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्या वेळात त्यांच्या डॉक्टरांनी पास केलं तर परमनंट, नाहीतर घरी बसायचं. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत कारखान्यात परमनंट झालेला एकही माणूस नव्हता. वडील जन्मभर बांधकामावर विटा वाहत आलेले. मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती.

फिजिओथेरपीच्या खोलीत एक मॅडम होत्या. चण बारीक, आवाज मात्र शाळेतल्या कडक बाईंचा. त्यांनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी चांगली पाच सेंटीमीटर कमी भरली. घोट्याला वाळूची पिशवी बांधून मला पलंगाच्या कडेला बसवलं आणि म्हणाल्या, “मी पाच म्हणेपर्यंत पाय वर, दहा म्हणेपर्यंत खाली. असं दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. घरीही एवढंच.”

फक्त दहा वेळा? आम्ही पाळीत हजारांनी नग काढणारी माणसं. टार्गेटच्या वर काढले की सुपरवायझर खूश, एवढं एकच शास्त्र मला ठाऊक. घरी आईकडून वाळूची पिशवी शिवून घेतली आणि दिवसाला तीनशे काढायला लागलो, तेही मशिनच्या वेगाने. चौथ्या दिवशी गुडघा पपईएवढा झाला.

“किती वेळा केलंत?” मॅडमनी विचारलं.

“तीनशे,” मी छाती काढून सांगितलं.

“गुडघा काय प्रेस आहे? इथे नग मोजत नाहीत. यापुढे व्यायाम फक्त माझ्यासमोर.”

सूज उतरायला आठ दिवस गेले. माझा नुसता जळफळाट झाला, कारण चूक माझी होती आणि मुदत काही थांबत नव्हती.

त्यानंतर रोज बसने दवाखाना. मॅडम गुडघ्याच्या वर हात ठेवून स्नायू आवळतोय का ते बघायच्या आणि मोजायच्या. खाली येताना पाय जरा धपकन सुटला की पुन्हा पहिल्यापासून. “उचलायला सगळेच उचलतात, सावकाश खाली आणा,” हे मी इतक्यांदा ऐकलं, की जिना उतरतानाही तो आवाज कानात यायचा.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाचे होते. वडील एकही मोर्चा चुकवत नसत. त्यांनी लाठी खाल्ली होती, दोन रात्री कोठडीतही काढल्या होत्या. एका बंदच्या दिवशी बस नव्हती, तर त्यांनी सकाळीच सायकल काढली आणि मला कॅरिअरवर बसायला सांगितलं.

“बा, आज तर मोर्चा हाय,” मी म्हणालो.

“मोर्चा माझ्याबिगर बी निघंल. तू कसा जाशील तिथवर?”

डावा पाय एका बाजूला काढून मी बसलो. चौकात निळे झेंडे घेऊन त्यांचेच सोबती जमले होते. वडिलांनी एक हात उंच केला, सगळ्यांबरोबर घोषणा दिली आणि पॅडल मारत राहिले. मला त्यांचा तेवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. बंद शहरातून मॅडमही चालतच आल्या होत्या. त्या मोजत होत्या आणि वडील दारात उभे राहून घाम पुसत माझ्या पायाकडे बघत होते. त्या दिवशी पाय एकदाही धपकन पडला नाही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात टेपवर दोन्ही मांड्यांत जेमतेम बोटभर फरक राहिला.

मग कंपनीच्या डॉक्टरांसमोर उभा राहिलो. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं. “आधार न घेता एका पायावर चढ आणि उतर. दहा वेळा.” मी डावा पाय स्टुलावर ठेवला. पाच मोजत चढलो, दहा मोजत उतरलो. घाई केली नाही. खाली येताना टाच टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

दहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “हा पाय भक्कम आहे. आता ऑपरेशनचा दाखव.”

मी पँट गुडघ्याच्या वर ओढली आणि टाक्यांची खूण त्यांच्यासमोर धरली.

“साहेब, ऑपरेशनचा हाच.”