मारणाऱ्याचा रकाना

तुम्हाला कुणी मारलं, हे दुसऱ्यानंच ठरवून कागदावर लिहिलं, तर त्याखाली तुम्ही सही कराल का?

लंकाबाईनं केली. तिला वाचता येत नव्हतं, सही तेवढी गिरवून गिरवून आली होती.

ती देवळ्याकडच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातली, मी तिची चार बुकं शिकलेली शेजारीण. नवरा झिपरू मार्केटात हमाल. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती एका बागायतदाराच्या चाळीवर, कांदा साठवायच्या बांबूच्या मांडवात, कांदा निवडायला जायची. एका दुपारी घसा कोरडा पडला, पाणी वरून ओतणारी बाई जागेवर नव्हती, म्हणून हिनं माठात आपल्या हातानं लोटा बुडवला. मालकीणबाईनं पाहिलं. चाळीचा बांबू उचलून मनगटावर दोन घातले. पाठीवर किती बसले ते लंकाबाईनं मोजलं नाही. झिपरूनं तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मनगट पुढं कधी सरळ झालं नाही.

त्याच महिन्यात नाशकातल्या एका महिला संघटनेच्या मुली मारहाणीची पाहणी करत गावात आल्या. छापील फॉर्म. 'मारहाण करणारा' असा रकाना आणि पुढं चारच शब्द: नवरा, सासरा, दीर, मुलगा. लंकाबाईनं सगळं सांगितलं. ऐकणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मालकिणीला फॉर्मात जागा नव्हती. केस वाया जाऊ नये म्हणून तिनं 'नवरा'वर खूण केली आणि सही घेतली. मुलगी वाईट नव्हती, हे मी आज म्हणते. तेव्हा कळलं असतं तर मानगूट धरली असती.

पुढं नाशकात परिषद भरली. मीच लंकाबाईला एसटीनं घेऊन गेले. गावातल्या आणखी सातआठ जणी होत्या. झिपरूही आला, दाराशी उभा राहिला. संघटनेच्या अध्यक्ष वत्सलाबाई माईकवर वाचू लागल्या, "देवळा तालुका. लंकाबाई. नवऱ्यानं मनगट मोडलं."

आमच्या बायका वळून झिपरूकडं बघायला लागल्या. त्यानं मान खाली घातली.

लंकाबाई उठली. "ओ बाई, माझ्या नवऱ्यानं कधी बोट नाय लावलं मला."

"घाबरू नका. इथं आपण सगळ्या बहिणी आहोत."

"मग बहिणीनंच मारलं म्हणा की. मालकीणबाईनं. माठाला हात लावला म्हणून."

वत्सलाबाई खाली उतरल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, बाईनं बाईला मारलं असं छापलं तर पुरुष टाळ्या पिटतील. जातीचं नंतर बघू. आधी आपली एकी."

"मला बांबू पडत व्हता तवा कुठं बसली व्हती ही एकी? सावलीला?"

मागं कुणीतरी हसलं. लंकाबाई हसली नाही. "त्याचं नाव खोडा. माझ्यासमोर."

"अहवाल छापायला गेलाय हो."

परतीच्या गाडीत झिपरू म्हणाला, "जाऊ दे. तुला ठावं हाय ना."

"मला ठावं असून काय करू? कागद बोलतो ना."

कागद बोललाच. थोरल्या लेकीला बघायला आलेल्यांनी बाप मारकुटा आहे का म्हणून विचारलं. त्या संघटनेनं कितीजणींना जीव वाचवून घराबाहेर काढलं, ते मी पाहिलंय, नाकारत नाही. पण ज्यांच्या हातात बांबू होता त्यांचा रकाना त्यांनी कधी छापला नाही. लंकाबाईनं सांगितली तशी पाच पत्रं मी लिहिली. उत्तर आलं नाही. शहाऐंशीत झिपरू गेला, माथ्यावर तो डाग घेऊनच.

तो अहवाल अजून कुठल्या वाचनालयात, कुठल्या बाईंच्या कपाटात असेल. तुमच्या हाती लागला तर देवळा तालुक्याचं पान काढा. 'नवरा' खोडा, वर 'मालकीण' लिहा. पेन्सिलीनं नको, शाईनं लिहा.