ती डावीकडेच गेली

मागे एका दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. शेवटाला ती बाई फाट्यावर येऊन उभी राहिली आणि मी उठून टीव्ही बंद केला. घरात गलका झाला. "अगं, शेवट तरी पाहू दे." म्हटलं, मला पाहायचा नाही आणि मी घरात आहे तोवर तुम्हीही पाहायचा नाही. माझं डोकं किती पटकन फिरतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे उठून गेले. पण मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळत बसले. जिवाला चैन पडेना. त्या फाट्यावरच्या बाईचं आणि आमच्या घराचं एक जुनं प्रकरण आहे, ते सांगितल्याशिवाय माझं चिडणं कुणाला कळायचं नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी लग्न होऊन खामगावहून जळगाव जामोदजवळच्या एका खेड्यात आले होते. सासरी भाजीपाल्याची बाडी होती. वांगी, मिरच्या, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, असा माल दर आठवडी बाजाराला बैलांच्या बंडीतून जळगावला जायचा. हिवाळ्यात वाळलेल्या लाल मिरच्यांचा ढीग अंगणात पडला की दुपारभर आम्ही बाया देठ खुडत बसायचो. डोळ्यांची आणि बोटांची नुसती आग. पण आमच्याकडे एक रीत होती: जी वाचून दाखवेल तिने देठ खुडायचे नाहीत. माहेरच्या ट्रंकेत मी जुने दिवाळी अंक कोंबून आणले होते, त्यामुळे वाचणारी नेहमी मीच. आळस म्हणा, हुशारी म्हणा.

माझी नणंद माझ्याच वयाची. सातवी पास, हाताला कमालीची चपळ. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून घातली होती आणि मग तिकडचं कुणी फिरकलं नव्हतं. ती कधी रडली नाही. पण तिला एका जागी बसवत नसे. मिरच्या खुडता खुडता उठायची, विहिरीवर जायची, परत यायची, पुन्हा उठायची. सासूबाई म्हणायच्या, "तुह्या पायाले काय भवरा लागला काय वं?"

एका दुपारी मी ती गोष्ट वाचली. गोष्ट छोटीच होती. एका काळ्यासावळ्या बाईचा नवरा तिच्याशी बोलतच नाही. मारत नाही, शिव्या देत नाही, फक्त बोलत नाही. ती वाढते, तो जेवतो, ताट सरकवतो आणि उठतो. अशी किती वर्षं जातात. मग एकदा माहेरी गेलेली ती परत येताना फाट्यावर उतरते. उजवी वाट सासरची, डावी वाट कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाची, तिथे तिची एक मैत्रीण कामाला असते. बाई थोडा वेळ उभी राहते, पदर खोचते आणि डावीकडे चालू लागते. संपली गोष्ट.

"मंग पुढं काय झालं तिचं?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढचं नाही लिहिलेलं."

"मंग हे कायची गोष्ट? अर्ध्यात सोडून देल्ली."

नणंद म्हणाली, "वयनी, शेवटचं पुन्हा वाच." मी वाचलं. त्या दिवशी ती विहिरीवर गेली नाही.

पुढच्याच आठवड्यात जावयाचा निरोप आला. त्याच्या आईच्या अंगावरून वारं गेलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बायकोला घ्यायला येतो म्हणे. एवढे दिवस मूल नव्हतं म्हणून नको होती, आता गू-मूत काढायला हवी झाली. माझं तर पित्तच खवळलं, पण सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. नणंदेने मात्र उघडलं. ती म्हणाली, मी जात नाही. देवीची लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलंय, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात सातवी झालेल्या पोरींना नर्सचं काम शिकवतात. मी तिकडे जाते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वाईट माणूस नव्हे, पण हट्टी. म्हणाले, "हे खूळ कुठून आलं?"

सासूबाईंनी भाबडेपणाने सांगून टाकलं, की सुनेने एक गोष्ट वाचली, त्यातली बाई अशीच निघून जाते. मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर नाकापर्यंत ओढला. "कागदावरच्या बाईचं काय घेऊन बसल्या," ते म्हणाले. "लिहिनाऱ्याच्या बापाचं काय जाते."

आणि नेमका त्याच बाजाराला जळगावात तंबूतला सिनेमा आला. आमचे हे भाजी विकून आले ते बातमी घेऊनच, की तुमच्या त्या गोष्टीवरच सिनेमा काढलाय, भोंग्यावर ओरडून सांगत होते. मामंजी खूश झाले. सिनेमाबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. सुरुवातीला पडद्यावर सरकारी शिक्क्याचा दाखला येतो, म्हणजे त्यात दाखवतात ते सरकारने तपासून पास केलेलं असतं. आणि सरकार आता आपलं, मराठी माणसांचं. गोष्ट काय, कुणीही लिहील, पण सिनेमाला शिक्का लागतो.

"चाला," ते म्हणाले, "साऱ्याइले दाखवतो. त्या बाईनं थितं जे केलं तेच आपल्या घरात होईन. मंग कोनी तोंड उघडाचं नाई."

"बोलले ना बा?" नणंद म्हणाली. "मंग फिराचं नाई."

"मर्दाची जबान हाय."

गोष्ट मला पाठ होती, पण सिनेमावाल्यांचा भरवसा कुणी द्यावा? तिला मी खुणेने म्हणत होते, असं नको करूस. ती ऐकेल तर शपथ.

दिवेलागणीच्या खेळाला आम्ही सगळे बंडीतून गेलो. त्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असे. पुढे मशीन आणि पुरुष, पडद्याच्या मागे आम्ही बाया. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस बादली घेऊन पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र मागच्या बाजूला नीट उमटे. आम्ही सगळे सिनेमे असेच पाहिले. अक्षरं उलटी दिसायची, ती मी उलटी वाचायला शिकले होते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

सिनेमा सुरू झाला आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. अहो, गोष्टीतली बाई काळीसावळी, ही गोरीपान, भुवया कोरलेल्या. गोष्टीत एक गाणं नाही, इथे ती विहिरीवर गाते, जात्यावर गाते, ताप आलाय तरी गाते. आणि नवरा! गोष्टीत तो नुसता गप्प असतो, तेच तर भयंकर असतं. इथे तो दारू पितो, ताट भिरकावतो आणि शेवटी देवळात जाऊन ढसाढसा रडतो. बाया डोळे पुसू लागल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "सुधरला गं बाई." मला त्या रडण्याची भीती वाटली. रडलेल्या नवऱ्याकडे बाईला परत पाठवायला किती वेळ लागतो?

मग तो फाटा आला. तिथे एक म्हातारा बसवला होता, गोष्टीत नसलेला. तो म्हणतो, "पोरी, उजवीकडे गेलीस तर तुझं घर, डावीकडे गेलीस तर जीन. विचार कर." ती उभी राहिली. किती वेळ उभीच राहिली. नणंदेने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. आणि बाई वळली. डावीकडे. चालत चालत लहान होत गेली आणि वर उलटा 'समाप्त' आला. मी नणंदेला मिठीच मारली. पडद्यापलीकडे पुरुष टाळ्या वाजवत होते. मला नवल वाटलं, की यांनाही पटलं म्हणायचं.

परतताना बंडीत सगळेच खुशीत. मामंजी गुणगुणत होते. त्यांनी नणंदेच्या हातावर रेवड्यांचा पुडा ठेवला. विषय कुणी काढला नाही, निकाल लागलाच होता ना.

सकाळी चुलीपाशी मामंजी म्हणाले, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जावई येतीन. तयारी करजा."

"कायची तयारी?" नणंद म्हणाली. "ते डावीकडे गेली."

"उजवीकडे गेली."

"डावीकडे गेली बा. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"म्या काय कानानं पाह्यलं?"

झालं. आमचे हे म्हणाले, उजवीकडे. सासूबाई म्हणाल्या, डावीकडे. शेजारचे बोलावले. पुरुष म्हणाले उजवीकडे, बाया म्हणाल्या डावीकडे. बाडीत तोडलेली वांगी तशीच पडली आणि अर्धं गाव आमच्या ओट्यावर भांडत राहिलं. एकजण तर म्हणाला, साऱ्या बाया मिळून खोटं बोलून राहिल्या. त्याची बायकोच त्याच्यावर धावून गेली.

मी भाकरी थापत होते. ह्यांच्या ताटात पिठलं वाढलं आणि ह्यांनी घास उचलला. उजव्या हाताने. माझा हात तसाच राहिला. काल सिनेमातला नवरा डाव्या हाताने जेवत होता. बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. सगळंच उलटं, म्हणजे वाटही उलटी. सिनेमातली बाई सासरी गेली होती. पुरुषांच्या टाळ्या त्यासाठी होत्या.

त्या सिनेमा काढणाऱ्याचा मला इतका संताप आला की भाकरी तव्यावर करपली. गोष्टीतल्या बाईने कुणाला न विचारता जी वाट धरली, ती तिच्या पायाखालून काढून घ्यायचा अधिकार याला कुणी दिला? पण संतापून काय होणार, शब्द तर मामंजींच्या बाजूने गेला होता. सांगावं तर पोरगी मेली, न सांगावं तर हे भांडण कुठवर जाणार? दिवसभर मी घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत राहिले. त्या दिवशी भवरा माझ्या पायाला लागला होता.

संध्याकाळी नणंद माजघरात ट्रंक भरत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "ऐक, आपण पडद्याच्या मागे बसलो होतो."

तिने लुगड्याची घडी मोडू दिली नाही. "मले मालूम हाये, वयनी. तो पूरा शिनेमा डाव्या हातानं जेवून राह्यला होता."

"मग तू भांडतेस कशाच्या जोरावर?"

"पुस्तकातली त गेली होती ना डावीकडे?"

"हो."

"मंग झालं," ती म्हणाली आणि ट्रंकेचं झाकण लावलं. पण कडी तिने दोनदा लावली आणि दोनदा काढली. त्या घरात मामंजींच्या मर्जीशिवाय ती फाटकापर्यंतही जाऊ शकत नव्हती, हे तिलाही कळत होतं.

घरात अबोला धरला गेला. मामंजी जेवायचे, ताट सरकवायचे, उठायचे. मला गोष्टीतला नवरा आठवायचा. बाजाराचा दिवस आला तसे ते एकटेच बंडी जुंपून गेले. आमच्या ह्यांना म्हणाले, तू राहू दे. दुसऱ्या दिवशी जावई यायचा होता.

रात्र झाली तरी बंडी परत येईना. तेवढ्यात शेजारची चुलत सासू आली, ती बाजार करून खेळ पाहून दुसऱ्या बंडीने आली होती. दारातच पोट धरून हसत म्हणाली, "तुह्या सासऱ्याले लाज नाई वं. आज बायाइत येऊन बसला होता."

"कुठे?"

"पडद्याच्या मांगं. डोक्यावरून उपरनं घेऊन. आमी साऱ्या त्याच्या अंगावर गेलो, तंबूवाला हाकलाले आला. त हात जोडून म्हने, माय, आखरीचं तेवढं पाहू द्या, मंग जातो."

आमच्यापैकी कुणीच हसलं नाही. नणंद भिंतीला टेकून उभी होती.

मामंजी आले. पाय धुतले, गडवाभर पाणी प्याले. मग ओट्यावर बसून उपरण्याशी चाळा करत राहिले.

"डावीकडे गेली," ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "मंग इतके दिवस काऊन भांडले?"

"पुढून पाह्यलं त उजवीकडे जाते. मांगून पाह्यलं त डावीकडे."

"मंग खरं कोनतं?"

"मले काय मालूम," मामंजी म्हणाले. "पोरगी मांगं बसली होती ना."

मग त्यांनी नणंदेला विचारलं, "बुलढान्याची येष्टी किती वाजता हाय?" मी सासऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. त्या दिवशी तो पडला, मी मोठ्याने रडत होते आणि मला कुणी काही म्हटलं नाही.