माझ्या दहाव्याचं पान

"मावशी, उद्या तुमचा दहावा हाय. येताय नव्हं?"

फोन भाचेसुनेचा होता, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या सुनेचा. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटीच चहा पीत बसले होते आणि चांगली धडधाकट होते. "अगं ए, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" मी उखडलेच. माझा स्वभावच तसा, आधी भांडते, मग ऐकते.

मग तिनं सगळं सांगितलं. आक्काला अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत, हे माझ्या कानावर होतं. आठ दिवसांपूर्वी तिनं सुनेच्या मोबाइलवर माझा एक जुना सिनेमा बघितला. त्यात मी मरते. आक्का उठली, डोक्यावरून अंघोळ केली आणि "माझी धाकटी गेली" म्हणत कोपऱ्यात बसली. गोड खाईना, देवापुढं दिवा लावू देईना. सुतक! वाद घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माणसं विसरली तरी दिवस मात्र तिनं बरोबर मोजले होते.

तो सिनेमा मला आठवत होता. न आठवायला काय झालं, त्यात माझ्या पात्राला नाव तरी होतं. नाहीतर आम्ही कायम 'शेजारीण', 'दुसरी नर्स', 'नळावरची बाई'. मराठीवाल्यांना कानडी बोलणारी शेजारीण हवी असली की मला बोलावणं, कानडीवाल्यांना मराठी मोलकरीण हवी असली तरी मलाच. बेळगावची माणसं आम्ही, दोन्हीकडं चालतो आणि पोस्टरवर कुठंच येत नाही. लेडी कॉन्स्टेबल झाले, सावकाराची बायको झाले, अंगात येणारी म्हातारी झाले. बत्तिसाव्या वर्षी माझ्याहून थोराड हिरोची आई झाले, आणि तो घोडा माझ्या पाया पडताना हसत होता! मेले पाच वेळा. मेल्यावर कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, मग नारळ फोडायचा, म्हणजे अपशकुन उतरतो, अशी सेटवरची रीत. चार वेळा हसले. पाचव्यांदा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत विड्या वळणारी बाई म्हणून पाणी मागत मेले. खोकला खरा होता, धूळ घशात गेलेली. उजेड गेला, सगळे घाईनं गाडीत बसले आणि हसायचं राहून गेलं. आक्कानं नेमका तोच बघितला.

आक्का आणि मी तेहतीस वर्षं बोललो नव्हतो. आई लवकर गेली. आक्का लग्न होऊन इथं जवळच अनगोळला आली तेव्हा मलाही पाठीला बांधल्यासारखी घेऊन आली. सासू कुरकुरली, पण आक्कानं मला कधी कमी वाढलं नाही. आणि मला बघायला पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळीच उठून पहिल्या शूटिंगला गेले. पोह्यांच्या बशा तशाच परत गेल्या. "मला परत तोंड दाखवू नगंस," आक्का म्हणाली. "तू बोलावल्याबिगर यायची पण न्हाय," मी म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशा आम्ही दोघी. लग्न केलं नाही, बक्षीस मिळालं नाही, कशाचंच फार वाईट वाटलं नाही. तिच्या तोंडून एक "ये गं" ऐकायचं होतं. खरं सांगते, त्याचीच वाट बघत मी म्हातारी झाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले.

गच्चीवर खुर्चीत आक्का बसली होती, मूठभर होऊन. समोर कावळ्यासाठी पान वाढलेलं: भात, आमटी, वांग्याची भाजी, वर दही.

"कोण ओ तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत भाचेसूनच घाईनं सासूला म्हणाली, "शेजारच्या हाईत, अत्ती." घ्या! इथंही तोच रोल.

"बसा की," आक्का म्हणाली. "माझी धाकटी बहीण गेली ओ. तंबाखूच्या कामाला होती. पाणी पाणी करत गेली, एक माणूस उठला न्हाय."

"आक्का, मीच गं ती. बघ की माझ्याकडं."

तिनं नीट बघितलं. माझ्या गालावरून हात फिरवला. "न्हाय ओ. ती गेली. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय." वर माझीच समजूत घालायला लागली, "तुम्ही नका रडू."

एवढा विश्वास माझ्या कामावर कुठल्या डायरेक्टरनं ठेवला नव्हता. आणि मला तो त्या क्षणी नको होता.

समोरच्या अपार्टमेंटच्या टाकीवर दोन कावळे होते. शिवेनात. आक्का कासावीस झाली. "काय राहिलं असंल ओ तिच्या मनात? साडी नेसवू का कुणाला तिच्या नावानं? बाळे, साडी नेसवतो गं!" कावळे ढिम्म.

मी म्हणाले, "तुम्ही तिला घरात बोलावलं न्हाय. तेवढंच राहिलंय."

आक्का काठी टेकत उठली, कठड्यापाशी गेली आणि वर तोंड करून म्हणाली, "ये गं. मी रागावलेली न्हाय. ये घरला."

मी तिच्या मागं दोन हातांवर उभी होते. ओठ दातांखाली धरून उभी होते.

कावळा आलाच नाही. ऊन चढलं. दमून आक्कानं पान माझ्याकडं सरकवलं. "तुम्ही तरी जेवा ओ तिच्या नावानं." "नको मावशी, ते पान..." भाचेसून पुटपुटली. मी मांडी घालून बसले आणि भात कालवला. आक्का समोर बसून बघत होती. भात संपला की सुनेला म्हणायची, वाढ की अजून.

निघताना तिनं माझा हात धरला.

"येत जावा ओ," ती म्हणाली. "तुम्ही परक्या असून आला. ती जित्ती असताना एकदा पण आली न्हाय."