हातानं चावी द्यायचं घड्याळ

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, माझी सगळी नोकरी झाली. लोखंडाचा केसाएवढा थर काढायचा असला की साहेब मलाच बोलावायचे. म्हणूनच असेल, मेकॅनिकल घड्याळांची मला फार ओढ होती. आत सेल नाही, नुसती स्प्रिंग आणि दाते, आणि तरी ते चालतं! निवृत्त झालो की एक भारी स्विस घड्याळ घ्यायचं, हे आमच्यात कधीचं ठरलेलं. बायको बालवाडीत शिकवायची. दर दिवाळीला त्यासाठी थोडं बाजूला टाकायचं कामही तिनंच केलं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच मला अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी चहाचा कप उचलायला गेलो आणि उजवा हात उठलाच नाही. हिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, मला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. वेळेत आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे पाय सुधारला, बोलणं सुधारलं. बोटं मात्र मागे राहिली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ यायची, पण धरायचा जोर नव्हता. वरणभाताचा घास होईना म्हणून मी डाव्या हातात चमचा घेतला. घड्याळाचा विषय मी सोडून दिला होता. हिनं सोडला नव्हता.

एका दुपारी म्हणाली, "अहो, चला, आज घड्याळं बघून येऊ."

आधी कॉलेज रोडच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीनं पांढरे हातमोजे घालून एक नवंकोरं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. "काका, हे ऑटोमॅटिक आहे. हातात घालून वावरलात की आपोआप चावी बसते. पाण्याची भीती नाही, काचेवर चरा पडत नाही, वर वॉरंटी." नाव ठेवायला जागाच नव्हती. तरी मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तिथून नाशिक रोडला. एका ओळखीच्यांनी तिथल्या कॉलनीत राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांचा पत्ता दिला होता. जुनी घड्याळं जमवायची, दुरुस्त करायची आणि आवड असणाऱ्या माणसाला विकायची, हा त्यांचा छंद. त्यांनी टेबलावर मऊ फडकं पसरून एक घड्याळ ठेवलं. पातळ, नाजूक, मूळची पांढरी डायल सायीच्या रंगाची झालेली. मी बघतच राहिलो.

"आधी दोष सांगतो," ते म्हणाले. "पाणी लागू द्यायचं नाही. काही वर्षांनी उघडून साफ करावं लागतं. थोडं मागं पडतं. नवं घेतलंत तर यातली एकही कटकट नाही. आणि याला रोज हातानं चावी द्यावी लागते. देऊन बघा ना."

मी चावीचं बटण चिमटीत धरलं. बोटं सटकली. पुन्हा धरलं, पुन्हा सटकली. गृहस्थ पाणी आणायला आत गेले. माझे कान तापले. घड्याळ फडक्यावर ठेवून मी हिला म्हटलं, "अगं, ते शोरूममधलंच घेऊ."

हिनं ते उचललं, सावकाश चावी दिली, कानाला लावलं.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

"मला चावी देता येत नाही. दिसलं ना तुला?"

"दिसलं. म्हणून तर म्हणते. त्या नव्याला तुमच्या बोटांची गरजच नाही. हे रोज तुम्हाला काम सांगेल. आणि नाहीच जमलं तर मी आहे की चावी द्यायला."

घड्याळ घेतलं, पण परतताना मी चिडलेलोच होतो. "मला घड्याळ हवं होतं. तू व्यायामाचं साधन घेतलंस." रस्त्यात उतरून तिनं कोथिंबीर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की ती घड्याळ माझ्यापुढे ठेवायची. डाव्या हातानं चावी द्यायला फिजिओथेरपिस्टनं सक्त मनाई केली होती. मी धडपडायचो, मग उरलेली चावी ती द्यायची. कधी मी घड्याळ बाजूला सारायचो, तेव्हाही ती फक्त चावी देऊन कामाला लागायची. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी बोटांच्या टोकांना बारीकशी करकर लागली. बटण फिरलं होतं! मी ओरडलोच. ती कणकेनं माखलेल्या हातांनी धावत बाहेर आली.

"पुन्हा द्या बरं!"

पुन्हा जमलं नाही. पण पाडव्यापर्यंत पूर्ण चावी मी एकटा देऊ लागलो.

जुन्याचा तोटाही सोसला. श्रावणात मेहुणीकडे इगतपुरीला गेलो आणि मिरवायच्या हौसेपायी घड्याळ घालून गेलो. तिथला पाऊस छत्रीला जुमानतो थोडाच! काचेखाली धुकं धरलं. नाशिक रोडच्या त्या गृहस्थांनी उघडून वाळवलं, तेल दिलं आणि मला चांगलं झापलं. नवं असतं तर काही झालं नसतं, हे खरंच आहे. आता पावसाळ्यात ते कपाटात असतं आणि हातात साधं प्लॅस्टिकचं. चावी मात्र रोज देतो.

शर्टाची बटणं लावतो, सही करतो, हातानं जेवतो. हे सगळं त्या घड्याळानं केलं असं मी म्हणत नाही. औषधं होती, व्यायाम होता. पण रोज सकाळी समोर येऊन बसणारं कोणीतरी लागतं, आणि ते मला मिळालं. बायकोचे आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिनं भाजीचं विचारलं.

परवा भाच्याच्या लग्नाला निघताना ती आरशापुढून उठून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मोत्यांच्या माळेची दोन्ही टोकं तिनं मानेमागे धरली होती.

"अहो, एवढी कडी लावा."

मधल्या काळात हे काम ती शेजारणीला सांगायची. मी चिमटीत कडी धरली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

"लागली का?"

"लागली."

"मग चला, अक्षता चुकतील," म्हणत ती चपला शोधायला गेलीसुद्धा.