कमलताई आणि गिलासपीसाहेबाची बाई

कमलताई पागनीसांकडे मोडीतला कागद घेऊन गेलं, की त्या आधी कागदाकडे बघायच्याच नाहीत. आलेल्याला खुर्चीत बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि विचारायच्या, "यातून काय निघायला हवंय तुम्हाला, ते आधी सांगा." माणूस गडबडायचा. कुणाला शेत आपल्याच आजोबांचं निघायला हवं असायचं, कुणाला आपलं घराणं थेट सरदारांचं. त्यानं काय ते सांगितलं, की कमलताई म्हणायच्या, "सारू, चांगलं. आता तेवढं सोडून बाकीचं वाचते." मग चष्मा पुसायच्या, स्वेटर विणायची लांब सुई हातात घ्यायच्या आणि कागदाला न टेकवता ती एकेका अक्षरावरून फिरवायच्या. बोटांचा घाम जुन्या कागदाला लागू नये म्हणून सुई. स्वेटर त्यांनी जन्मात एकही पुरा केला नव्हता.

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. नोकरी सगळी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपच्या कचेरीत झाली. मोडी कुठे शिकलात असं विचारलं, तर सांगायच्या, "लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला धड पोळी लाटता येत नव्हती. सासऱ्यांचे डोळे गेलेले, पण जुनी दप्तरं वाचायची हौस काही गेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, हिला स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही, तुमच्यासमोर बसवा." सासरे म्हातारे आणि तापट. सुनेनं अक्षर चुकवलं की काठी आपटायचे. कमलताईंचं वाचन त्या काठीवर तयार झालेलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अभिमान कसला, गर्वच म्हणा. "मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, आणि लिहिणारा कायम घाईत. म्हणून वाचणाऱ्यानं घाई करायची नाही. जे लिहिलंय तेच वाचायचं, मनातलं वाचायचं नाही," हे त्यांचं व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढेपुढे मी तोंडातल्या तोंडात त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. त्यांना ते दिसायचं. "हस, हस मंजू," म्हणायच्या, "तुझं इंग्रजी व्याकरण मी मुकाट ऐकतेच की."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यांच्याकडे मी कागद घेऊन गेले ती माझ्या पणजोबांची रोजनिशी होती. पणजोबा संस्थानच्या छोट्या रेल्वेत, डभोईच्या इंजिनशेडमध्ये कारकून होते. रोजनिशीतला मजकूर सगळा मोडीत, फक्त एका पानाच्या वरच्या कोपऱ्यात वळणदार इंग्रजी सही होती, गिलेस्पी अशी. मला गंमत वाटली म्हणून मी त्या पानाचा फोटो जुन्या बडोद्यावरच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकला आणि विसरून गेले. दोन महिन्यांनी मला कॅनडातून एका बाईंचा निरोप आला. नाव मार्गारेट, वय ऐंशीच्या पुढे. ही सही माझ्या आजोबांची आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

मार्गारेटबाई गेली तीस वर्षं आपल्या घराण्याचा माग काढत होत्या. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या वहीत त्यांना आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद सापडली होती. आजोबा इंजिनाचे कारागीर, लग्नानंतर दोघं हिंदुस्थानात आली, इथंच मार्गारेटच्या वडिलांचा जन्म झाला. नंतर कॅनडाला जाणाऱ्या एका बोटीची प्रवाशांची यादी मिळाली, तिच्यात मात्र दोनच नावं होती, आजोबा आणि चार वर्षांचा मुलगा. आजी नाही. घरात असं सांगत, की आजीला इथली हवा मानवली नाही, ती पोराला टाकून स्कॉटलंडला परत गेली. मार्गारेटनं तिथली गावंच्या गावं धुंडाळली, पण परत आलेल्या जेसी गिलेस्पीचा कुठं पत्ता नव्हता. "माझे वडील मरेपर्यंत आईचं नाव घेत नसत," तिनं लिहिलं होतं. "तुमच्या वहीत एकच गोष्ट आहे का बघा. ती खरंच त्यांना सोडून गेली का?"

मी वही घेऊन कमलताईंकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय निघायला हवंय. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाचायला बसल्या. पहिल्याच पानावर थांबल्या. "हा कोण गं गिलासपी? पीत होता की काय?" पणजोबांनी गिलेस्पीचा गिलासपीसाहेब केला होता आणि जेसीची जशीबाई. "घ्या," कमलताई म्हणाल्या, "इतक्या लांबून आली आणि डभोईत येऊन गुजरातण झाली." पणजोबांचं सगळं लिखाणच तसं होतं. डभोईत जन्मलेला माणूस, मराठी लिहिता लिहिता गुजरातीत शिरायचा आणि स्वतःला पत्ताही नसायचा. कमलताईंना ती खिचडी फार आवडली. रोज शाळा सुटल्यावर मी जायची, त्या चार पानं वाचायच्या, मी उतरवून घ्यायची.

बाराव्या दिवशी ते पान आलं. "बाईसाहेब तिसरे प्रहरी पाछा झाल्या. आमचे घरातून सोबत होते. मूल आमचेकडे आणिले. साहेब बोलत नाहीत." कमलताईंनी सुई खाली ठेवली. "गेली गं ती," त्या म्हणाल्या. "पाछा म्हणजे परत. तुझी पणजी सोबत गेली असेल, गाडीत बसवून द्यायला. पोर मागं ठेवलं आणि गेली." पुढच्या पानावर शेडमधल्या सुताराला साहेबासाठी पेटी करायला सांगितल्याचं होतं. सामान पाठवायचं असणार, असं आम्ही दोघींनी ठरवलं. इतकं सगळं नीट जुळत होतं, की शंकेला जागाच नव्हती. मी त्याच संध्याकाळी मार्गारेटला कळवलं. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगते, तीस वर्षांचं कोडं आपण बारा दिवसांत सोडवलं याचा थोडा तोराही होता.

तिचं उत्तर चार ओळींचं आलं. आभार, निदान आता ठाऊक झालं, मी शोध थांबवते आहे. वंशावळीच्या तक्त्यातून मी आजीचं नाव काढून टाकलं आहे, वडिलांना तेच आवडलं असतं. कमलताईंना मी ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बराबर. जे होतं ते सांगितलं आपण," आणि चहा ठेवायला उठल्या.

यानंतर चारएक महिने गेले. आमच्याकडे रायजीभाई भाजी घेऊन येतात, डभोईजवळच्या एका खेड्यातून. साठीचा माणूस, कमलताईंचा जुना दोस्त. दोन आठवडे ते आले नव्हते. रविवारी सकाळी आले तेव्हा आम्ही दोघी टोपलीपाशी उभ्या होतो. कमलताईंनी गुजरातीतच विचारलं, कुठं होतात इतके दिवस. रायजीभाई म्हणाले, "कमळाबेन, मारां बा पाछां थई गयां." कमलताईंना वाटलं, त्यांची म्हातारी आई यात्रेला गेली होती ती परतली. त्या खुशीत म्हणाल्या, "क्यांथी? जातरामांथी?" रायजीभाईंनी डोक्यावरची टोपी काढली. मुंडण केलेलं होतं.

कमलताईंच्या हातात भेंडी होती, ती तशीच राहिली. मग त्यांनी रायजीभाईंना आत बोलावून बसवलं, आईबद्दल विचारलं, पाणी दिलं. सगळं रीतसर केलं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "वही आण."

त्या पानावर त्यांना फार वेळ लागला नाही. "बघ," त्या म्हणाल्या, "'झाल्या' लिहिलंय. 'पाछा गेल्या' नाही, 'पाछा झाल्या'. इतकं स्वच्छ 'झ' काढलंय तुझ्या पणजोबानं आणि मी मनातलं 'गेल्या' वाचलं. साठ वर्षं गुजराती बोलते मी, पण कचेरीतलं. खेड्यात मेलेल्या माणसाला काय म्हणतात ते माझ्या कानावरनं गेलंच नाही. ते जाऊ दे. पण 'झाल्या' तर मराठी होतं ना?" मग त्यांनी पुढचं पान उलटलं आणि सुताराच्या ओळीवर बोट ठेवलं. सुई न घेता, तसंच बोट. "ही पेटी सामानाची नाही, मंजू."

मी पटकन बोलून गेले, आणि आजही त्याची लाज वाटते. मी म्हटलं, "कमलताई, तिनं आता शोध थांबवलाय. ऐंशी वर्षांची बाई, कशाला पुन्हा उकरायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सासऱ्यांची ती काठी मला समजली. "तिच्या आजीवर आळ आहे," त्या म्हणाल्या. "पोर टाकल्याचा. घरच्यांनी घेतला तो घेतला, पण त्यावर शिक्का मी मारला. कागद दाखवून मारला. आणि तू म्हणतेस राहू दे?" मी लगेच पत्र लिहिते म्हटलं, तर तेही नको. "चूक मी केली, पत्र तू का लिहिणार? फोन लाव. तो तोंड दिसतं तो."

फोन लगेच लागला नाही. मार्गारेट मुलीकडे गेली होती, तिनं पुढच्या रविवारची वेळ दिली. त्या आठवड्यात कमलताईंकडे दोघंजण कागद घेऊन आले, दोघांनाही त्यांनी परत पाठवलं. कारण विचारल्यावर दारातच सांगितलं, "माझं वाचन चुकलंय, आधी ते निस्तरू द्या." मी म्हटलं, लोकांना कशाला सांगता? त्या म्हणाल्या, "बरोबर वाचलं तेव्हा सगळ्या गावाला सांगत होते की." रोज संध्याकाळी मला बोलावून इंग्रजीची दोन वाक्यं घोकायच्या. मी त्यांना नीट, शुद्ध वाक्यं करून दिली होती. ती त्यांनी मोडीत लिहून घेतली, उच्चार चुकायला नको म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही फोन टेबलावर उभा केला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. मार्गारेट पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली, मागं स्वयंपाकघर दिसत होतं. कमलताईंनी नमस्कार केला आणि माझी शुद्ध वाक्यं सगळी विसरल्या. "आय रीड राँग," त्या म्हणाल्या. "युवर ग्रँडमदर नॉट लीव्ह. शी डाय. डभोई." मग माझ्याकडे वळल्या, "सांग तू पुढचं." मी ओळ न ओळ समजावून सांगितली. पाछा, सुतार, पेटी. आणि 'आमचे घरातून सोबत होते', म्हणजे माझी पणजी शेवटच्या क्षणी तिच्या आजीजवळ होती आणि मग पोराला आमच्याच घरी आणलं, तेही सांगितलं.

मार्गारेटनं सांगितलं, की आजोबांनी तिच्या वडिलांना तेव्हा एकच वाक्य सांगितलं होतं, आई घरी गेली. त्यांच्या चर्चमधली म्हातारी माणसं मेलेल्याबद्दल असंच म्हणत, देवाच्या घरी गेली या अर्थानं. आजोबा अबोल. त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मुलाला घर म्हणून जे सांगितलेलं होतं ते स्कॉटलंड. त्यानं बूट घातले आणि पायरीवर बसून राहिला, मलाही न्या म्हणून. एवढं त्याला म्हातारपणी आठवत होतं. कुणी न्यायला आलं नाही.

मी कमलताईंना मराठीत सांगितलं. मार्गारेट म्हणत होती, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, माझे वडीलही हेच चुकले. तेही मी सांगितलं. कमलताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्याचं वय चार होतं, मंजू," त्या म्हणाल्या. "माझं अठ्ठ्याहत्तर आहे."

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. मार्गारेटनं विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी म्हटलं, त्या आणखी वाचायचं म्हणताहेत. कमलताई खरंच उठल्या आणि वही घेऊन आल्या. त्या वाचणार, मी इंग्रजीत सांगणार, असा पुढं सगळा उन्हाळा आमचा रविवारचा नेम झाला. थंडी सुरू होताना कमलताई गेल्या, दोन दिवसांच्या तापात. तोवर वहीतली जशीबाईची एकही ओळ वाचायची राहिली नव्हती.

पण त्या पहिल्या रविवारी त्यांनी वाचली ती ओळ अगदी साधी होती, आम्ही आधी घाईघाईनं ओलांडलेली. "बाईसाहेब मुलास स्वतःच भरवितात. आयेचे हातून जेवू देत नाहीत." मी अर्थ सांगितला, आया म्हणजे मूल सांभाळणारी नोकरबाई, हेही. मार्गारेटनं तोंडावर हात ठेवला होता. तिनं विचारलं, नक्की असंच लिहिलंय का.

मी काही सांगायच्या आत कमलताईंनी वही फोनसमोर धरली आणि तीच ओळ पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचून दाखवली, एकेक अक्षर सुटं करून. एक अक्षर वाचायच्या, मार्गारेटकडे बघायच्या, मग पुढचं वाचायच्या.