चालत वाजवलेला ट्रम्पेट

आमच्या बँडचा पहिला अल्बम सोलापुरात, टॉवेलच्या गोदामात रेकॉर्ड झाला. गोदाम आमच्या ड्रमवालीच्या वडिलांचे. छतापर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांमुळे तिथे आवाज घुमत नसे. कोऱ्या सुताचा वास आजही एखाद्या दुकानात आला, की त्या चाली आठवतात.

गाणी रॉकची होती, पण गिटारवाल्याला जॅझचे वेड. मी बास वाजवत असे. शेवटच्या गाण्यात त्याला ट्रम्पेट हवा होता, तोही ठरलेली चाल सोडून मोकळा फिरणारा. आमच्या ओळखीत ट्रम्पेट वाजवणारे एकच, वरातीच्या बँडमधले, मंद्रूप गावचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. डीजे आल्यापासून त्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या.

"आज्यापासनं वाजवत्यात आमच्यात," ते म्हणाले, "पण ऐकायला म्हनून रेकॉर्ड करून ठेवलेलं काय बी न्हाय." आणि लगेच तयार झाले.

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी लगीनसराई सुरू होणार होती. त्यांना तेवढी एकच दुपार मोकळी होती. माइकसमोर खुर्ची दिली. सूर नीट लागत होते, पण दम न पुरून ओळ मध्येच तुटे. उभे राहूनही तेच. ऊन उतरले तसा गिटारवाला कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज शोधू लागला. ते पाहून मामांनी ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवायला घेतला.

"मामा, एकदा बघू. फक्त माइकपासून हलू नका," गिटारवाला म्हणाला.

"वरातीत थांबलो तर मागचा घोडा अंगावर येतोय की. एका जागी कवा वाजवलंय मी?"

ड्रमवाली हसली. "मग चालू द्या की त्यांना. इथं घोडा नाही, एवढंच."

"तू हायस की मागं बडवायला."

माइक मधोमध ठेवला. सगळ्यांनी एकदमच वाजवायचे ठरले. मामा गठ्ठ्यांभोवती फिरू लागले. पावलांना ठेका सापडला, तसा श्वासही पुरू लागला. ओळ तुटली नाही, लांबतच गेली. ते गठ्ठ्यांमागे गेले की सूर दबे, समोर आले की उजळे. गाणे ठरल्यापेक्षा बरेच लांबले, पण थांबायची खूण कोणी केली नाही. ते तसेच अल्बममध्ये गेले.

अल्बम मोजक्या लोकांनी ऐकला. पुढे नोकऱ्यांमुळे बँडही सुटला.

पण अल्बम निघाला तेव्हा मामांनी ते गाणे मोबाइलवर वडिलांना ऐकवले होते. वडील पूर्वी वरातीच्या त्याच बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. हे चालत वाजवलेय, असे त्यांना सांगितले नव्हते. मोबाइल कानाला लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, पुन्हा लावायला सांगितले आणि म्हणाले, "वळताना दम सोडतोयस."

हे सांगायला मामा मंद्रूपहून मुद्दाम गोदामात आले होते. चहा येईपर्यंत तेच वाक्य त्यांनी प्रत्येकाला वेगळे गाठून सांगितले.